मॅक्स फ्लायशर: रोटोस्कोप शोधणारा आणि स्वतःचाच स्टुडिओ गमावून बसलेला माणूस

माझा कॉलेजचा एक मित्र मुंबईत व्हीएफएक्स स्टुडिओत काम करतो. नातेवाइकांनी विचारलं की तो फक्त कॉम्प्युटरवर काम करतो एवढंच सांगतो, कारण खरं काम समजावायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागतो. त्याचं पद आहे रोटो आर्टिस्ट. शूटिंगच्या वेळी हिरोच्या मागे साधी इमारत असते, दिग्दर्शकाला तिथे जळतं शहर हवं असतं. मग हिरोची बाह्यरेषा प्रत्येक फ्रेममध्ये, केसांच्या बटांसकट, कापून वेगळी करायची. एका सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये तेच काम १२० वेळा. हॉलिवूडच्या सिनेमांचं हे काम मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नईतली कितीतरी मुलंमुली करतात.

रोटो हा शब्द कुठून आला, हे मी त्याला विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं. शोधत गेलो आणि मॅक्स फ्लायशर सापडला. बेटी बूप आणि पॉपायची जुनी कार्टून्स तुम्ही पाहिली असतील, ती याच्या स्टुडिओतून आली. १९३० च्या दशकात वॉल्ट डिस्नेला तोडीस तोड टक्कर देणारा हा माणूस. आज डिस्नेचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक आहे आणि फ्लायशर म्हटलं की लोक विचारात पडतात. असं का झालं, याची ही गोष्ट आहे. तिच्यात यंत्रं भरपूर आहेत आणि शेवटाकडे एक कॉन्ट्रॅक्टही आहे.

मासिकातला चित्रकार

मॅक्सचा जन्म १९ जुलै १८८३ चा, पोलंडमधल्या क्राकोव्हचा. तेव्हा ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील शिंपी, कुटुंब ज्यू. मॅक्स लहान असतानाच सगळे न्यूयॉर्कला आले. शिकून तो ब्रुकलिनच्या एका दैनिकात निरोप्या म्हणून चिकटला आणि तिथेच व्यंगचित्रकार झाला. पुढे पॉप्युलर सायन्स मासिकात त्याला कला संपादकाची नोकरी मिळाली. मला वाटतं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात कामाची नोकरी हीच. नवनवी यंत्रं आतून कशी चालतात याची चित्रं काढायची, म्हणजे आधी ती स्वतः समजून घ्यायची. चित्र आणि मेकॅनिक्स, दोन्ही एकाच डोक्यात जमा होत गेलं.

त्या काळातली कार्टून्स अडखळत चालायची. कारण साधं होतं: माणूस चालताना गुडघा कुठल्या क्षणी किती वाकतो, हे चित्रकार अंदाजाने ठरवत होता. एखाद्या चित्रातला अंदाज चुकला तर खपून जातं. पण हजार चित्रं एकामागोमाग पळवली की प्रत्येक चूक झटक्यासारखी दिसते. मॅक्सच्या डोक्यात आलं, अंदाज करायचाच कशाला? खऱ्या माणसाची फिल्म काढू आणि त्यावरून गिरवू.

आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ज्यांनी ड्रॉइंगच्या शीट्सची जीटी मारली आहे, त्यांना रोटोस्कोप एका वाक्यात कळेल. (ज्यांना जीटी माहीत नाही त्यांच्यासाठी: काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर गिरवणं. ग्लास ट्रेसिंग. सरांना कळायचंच.) रोटोस्कोपमध्ये मित्राच्या शीटच्या जागी सिनेमाची फ्रेम असते. टेबलात एक दुधी काच बसवलेली, तिच्या मागून प्रोजेक्टर फिल्मची एकच फ्रेम काचेवर टाकतो. काचेवर कागद ठेवून आकृती गिरवायची, फिल्म एक फ्रेम पुढे सरकवायची, नवा कागद, पुन्हा गिरवायचं. शेवटी या सगळ्या कागदांचे ओळीने फोटो काढले की चित्रातला माणूस खऱ्या माणसासारखा हलतो.

धाकटा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून गच्चीवर नाचला आणि मॅक्सने ते शूट केलं. यंत्र जुळवायला दुसरा भाऊ, जो, मदतीला होता. दिवसा नोकरी, रात्री हे. जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार व्हायला जवळपास वर्ष गेलं. डिसेंबर १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये पेटंट मिळालं.

वेळेचं हे गणित कुठल्याही निर्मात्याला परवडणारं नव्हतं. पण ब्रुकलिनच्या दैनिकातला जुना सहकारी जे. आर. ब्रे तोवर स्वतःचा कार्टून स्टुडिओ चालवत होता, त्याने मॅक्सला घेतलं. मध्येच पहिलं महायुद्ध आलं आणि मॅक्सची रवानगी ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला झाली. तिथे त्याने सैनिकांसाठी प्रशिक्षणाच्या फिल्म्स बनवल्या. परत आल्यावर 'आउट ऑफ द इंकवेल' ही मालिका जोरात सुरू झाली. तिचा फॉर्म्युला आजही मजेदार वाटतो. खराखुरा मॅक्स टेबलाशी बसलेला, शाईच्या दौतीतून विदूषक बाहेर येतो, मॅक्सला छळतो आणि शेवटी परत दौतीत. विदूषक म्हणजे गच्चीवर नाचलेला डेव्हच, पुढे त्याचं नाव पडलं कोको. १९२१ मध्ये भावांनी ब्रेला सोडून स्वतःचा स्टुडिओ काढला. मॅक्स निर्माता, डेव्ह दिग्दर्शक.

आपल्यासारख्या साइटवर एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२३ मध्ये मॅक्सने आइनस्टाइनच्या सापेक्षतावादावर फिल्म आणली. मूळ जर्मन फिल्मचा भाग घेऊन आणि स्वतःचं अ‍ॅनिमेशन घालून, सामान्य प्रेक्षकाला कळेल अशी. दोन वर्षांनी डार्विनच्या उत्क्रांतिवादावर. यूट्यूबवरच्या एक्सप्लेनर व्हिडिओंचे हे पणजोबाच म्हणायचे.

उड्या मारणारा चेंडू

पहिलं बोलकं कार्टून कुठलं, असं क्विझमध्ये विचारलं की बहुतेक जण डिस्नेचं 'स्टीमबोट विली' सांगतात. ते नोव्हेंबर १९२८ चं. मॅक्सची आवाजाची कार्टून्स त्याच्या आधीची आहेत.

इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात ट्रायोड व्हॉल्व्हच्या धड्यात ली डी फॉरेस्टचं नाव येतं, तोच हा. त्याने फोनोफिल्म नावाची पद्धत आणली होती. माइकमधून येणाऱ्या सिग्नलप्रमाणे एका दिव्याचा उजेड कमी-जास्त होतो आणि तो फिल्मच्या कडेला फिकट-गडद पट्ट्यांच्या रूपात छापला जातो. थिएटरमध्ये त्या पट्ट्यांमधून प्रकाश जातो, फोटोसेल त्याचा पुन्हा विजेचा सिग्नल करतो आणि स्पीकरमधून आवाज येतो. याची खरी गंमत अशी की आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर असल्यामुळे ते मागेपुढे होण्याचा प्रश्नच नाही. वेगळ्या तबकडीवर आवाज वाजवणाऱ्या पद्धतीत सुई सरकली की नायकाच्या तोंडी नायिकेचा आवाज.

१९२४ पासून मॅक्सने गाण्यांची कार्टून्स काढली आणि त्यातल्या काहींना फोनोफिल्मचा आवाज जोडला. १९२६ च्या 'माय ओल्ड केंटकी होम' मध्ये तर कुत्रा ओठ हलवून बोलतो, आणि ओठ शब्दांशी जुळतात. पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे आणि त्यांच्यावरून एक पांढरा चेंडू अक्षराअक्षरावर टप्पे घेत जायचा, प्रेक्षकांनी त्या तालावर गायचं. कराओकेत रंगत जाणारे शब्द पाहिलेत ना, त्याचाच हा पूर्वज. तो चेंडू काढलेला असेल असं मला वाटायचं, पण तसं नव्हतं. शब्द लिहिलेलं एक पिंप फिरायचं आणि स्टुडिओतला माणूस काठीच्या टोकाला लावलेला चेंडू तालात शब्दांवरून हाताने नाचवायचा. कॅमेऱ्यात काठी दिसायची नाही, एवढंच. ज्या माणसाकडे पेटंटेड यंत्र होतं त्याने इथे सरळ काठी वापरली, हे मला फार आवडलं.

मग नाव डिस्नेचं का झालं? फोनोफिल्मची यंत्रणा फारच थोड्या थिएटरांत होती, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ही कार्टून्स मुकीच दाखवली गेली. आणि खरं सांगायचं तर 'स्टीमबोट विली' मध्ये अख्खी फिल्मच संगीताच्या ठेक्यावर बांधलेली आहे, ती झेप मोठी होती.

मॅक्सच्या धंद्याची बाजू याच काळात एकदा कोसळली होती. त्याने भागीदारीत काढलेली वितरण कंपनी १९२६ मध्ये बुडाली, नवा भागीदार आला, त्याच्याशी पटलं नाही, आणि १९२९ मध्ये दोघे भाऊ आपल्याच नावाच्या स्टुडिओतून बाहेर पडले. नवी कंपनी उभी केली ती पॅरामाउंटच्या आधाराने. पैसा पॅरामाउंटचा, वितरण पॅरामाउंटचं. हे वाक्य लक्षात ठेवा.

ब्रॉडवेवरची वर्षं

नवा स्टुडिओ न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर होता आणि त्या कार्टून्सवर त्या शहराची छाप स्पष्ट दिसते. डिस्नेकडे शेतं, कुरणं, गोड प्राणी. फ्लायशरकडे चाळीसारख्या इमारती, जॅझ, भुतं, आणि ज्याला त्याला फुटणारे हातपाय. १९३० मध्ये 'डिझी डिशेस' मध्ये बेटी बूप पहिल्यांदा आली तेव्हा तिला कुत्र्याचे कान होते, नंतर त्या कानांची कर्णभूषणं झाली. १९३३ मध्ये पॉपाय आला. त्याचं पुटपुटणं आठवतंय? त्यामागेही तांत्रिक कारण आहे. डिस्नेकडे संवाद आधी रेकॉर्ड व्हायचे आणि चित्रं त्यावर बेतायची. फ्लायशरकडे बहुतेकदा चित्रं आधी, आवाज नंतर. ओठ हलत नसलेल्या जागी आवाज देणारा जॅक मर्सर मनाला येईल ते पुटपुटायचा, आणि तीच पॉपायची ओळख झाली.

रोटोस्कोपचा सगळ्यात भारी वापरही इथलाच. १९३२ च्या 'मिनी द मूचर' मध्ये जॅझ गायक कॅब कॅलोवे आधी स्वतः पडद्यावर दिसतो. मग गुहेत बेटीसमोर एक भुताटकी वॉलरस नाचायला लागतो, आणि त्याची प्रत्येक लचक कॅलोवेची आहे. अंग वॉलरसचं, चाल माणसाची, म्हणून ते भूत वाटतं. गिरवलेल्या हालचालीत एक तरंगतेपण असतं, वजन हरवल्यासारखं. भुताला ते शोभतं. साध्या माणसाला शोभत नाही, आणि हे मॅक्सला पुढे महागात पडलं.

पेटंटची मुदत १७ वर्षांची. ती १९३४ मध्ये संपली. त्याच सुमारास डिस्ने 'स्नो व्हाइट' च्या तयारीला लागला होता, आणि त्यातल्या राजकन्येच्या हालचालींसाठी एका खऱ्या नर्तिकेचं शूटिंग करून त्यावरून चित्रं काढली गेली.

मॅक्स तोवर दुसऱ्या प्रश्नाकडे वळला होता: चपट्या कार्टूनमध्ये खोली कशी आणायची? एसटीच्या खिडकीतून बाहेर बघा. रस्त्याकडेचे खांब भर्रकन मागे जातात, शेतं सावकाश, लांबचे डोंगर जवळपास जागचे हलतच नाहीत. वेगांतल्या या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. डिस्नेच्या स्टुडिओने यासाठी मल्टिप्लेन कॅमेरा बनवला: काचांचे अनेक थर, प्रत्येकावर चित्र, आणि प्रत्येक थर वेगळ्या गतीने सरकवायचा. पण थर शेवटी चपटेच. घर जवळून गेलं तरी त्याची बाजूची भिंत दिसत नाही. मॅक्सने सरळ खरं घर बांधलं, म्हणजे छोटं मॉडेल. गोल फिरणाऱ्या टेबलावर लहानसा सेट. त्याच्या पुढे दोन काचांमध्ये उभी धरलेली पारदर्शक शीट, जिला अ‍ॅनिमेशनवाले सेल म्हणतात, तिच्यावर रंगवलेलं पात्र. समोर कॅमेरा. एक फोटो, सेल बदला, टेबल किंचित फिरवा, पुन्हा फोटो. सेट खरोखर त्रिमित असल्याने भिंती, खांब, कमानी वळताना दिसतात. चपटं पात्र आणि थ्रीडी पार्श्वभूमी, आजचे गेमवाले याला २.५डी म्हणतील.

१९३४ च्या 'पुअर सिंड्रेला' मध्ये ही पद्धत वापरली गेली. तेव्हा कार्टूनसाठी तीन रंगांच्या टेक्निकलरवर डिस्नेचा एकाधिकार होता, त्यामुळे बिचाऱ्या बेटीचं हे रंगीत कार्टून दोन रंगांच्या पद्धतीत उरकावं लागलं. डिस्नेची मल्टिप्लेनवाली 'द ओल्ड मिल' त्यानंतर तीन वर्षांनी, १९३७ मध्ये आली. मधल्या १९३६ मध्ये पॉपाय आणि सिंदबादचं दोन रिळांचं रंगीत कार्टून आलं आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. पुरस्कार मात्र डिस्नेला मिळाला.

संप, मायामी आणि सही

मे १९३७ मध्ये स्टुडिओतले कामगार संपावर गेले. अमेरिकेतल्या अ‍ॅनिमेशन उद्योगातला हा पहिला मोठा संप, पाच महिने चालला. मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणारे, सेलवर शाई आणि रंग लावणारे, यांना पगार तुटपुंजा आणि तास भरपूर. मॅक्सला हा घरच्यांनी केलेला घात वाटला, कारण तो स्टुडिओला कुटुंब समजत होता. (कंपनी म्हणजे कुटुंब, हे आपणही जॉइनिंगच्या दिवशी ऐकलेलं असतं. कुटुंबात कोणी ओव्हरटाइम बुडवत नाही, एवढं तरी त्याच्या लक्षात यायला हवं होतं.) शेवटी युनियनला मान्यता द्यावी लागली. आणि १९३८ मध्ये स्टुडिओ उचलून थेट फ्लोरिडात, मायामीला नेला, जिथे युनियनचा जोर नव्हता. नवी इमारत, शेकडो नवी माणसं, आणि त्यासाठी पॅरामाउंटचं कर्ज.

'स्नो व्हाइट' चं यश बघून पॅरामाउंटलाही पूर्ण लांबीचा कार्टूनपट हवा होता. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' डिसेंबर १९३९ मध्ये आला. गलिव्हर अख्खा रोटोस्कोप केलेला, लिलिपुटचे लोक नेहमीसारखे रबरी कार्टून. एकाच चौकटीत दोन वेगळे सिनेमे चालल्यासारखं वाटतं. तरी अमेरिकेत तो चालला. पण युरोपात युद्ध पेटल्याने तिकडची कमाई गेली. १९४१ मध्ये सुपरमॅनची मालिका सुरू झाली. दिसायला अप्रतिम, आणि नेहमीच्या कार्टूनच्या कितीतरी पट महाग. शिवाय पॉपाय वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेच्या मालकांचा, सुपरमॅन कॉमिकवाल्यांचा. सगळ्यात जास्त चालणारी पात्रंच भाड्याची.

आणि घरात? मॅक्स आणि डेव्ह, गच्चीवर विदूषक नाचवणारे दोन भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच इमारतीत दोघं, आणि काम निरोपांवर चाललेलं.

मे १९४१ मध्ये पॅरामाउंटने नवा करार पुढे केला. स्टुडिओची मालमत्ता आणि हक्क पॅरामाउंटकडे, आणि भावांनी राजीनामे आधीच सही करून द्यायचे, कंपनी हवे तेव्हा वापरेल. चालू काम पूर्ण करायचं तर दुसरा मार्ग नव्हता. मॅक्सने सही केली. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी, मी लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, या कलमावर मी न वाचता सही केली होती, तेव्हा मी काही बोलायला नको. पण त्याचं वय तेव्हा ५७ होतं, आणि करार त्याच्या स्वतःच्या नावाच्या कंपनीबद्दल होता.

दुसरा मोठा सिनेमा, 'मिस्टर बग गोज टू टाउन', बाहेर पडायच्या दिवसांतच पर्ल हार्बरवर हल्ला झाला. सिनेमा पडला. राजीनामे वापरले गेले. १९४२ मध्ये स्टुडिओचं नाव बदलून फेमस स्टुडिओज झालं. तो चालवायला पॅरामाउंटने नेमलेल्या तिघांपैकी एक होता सीमूर नाइटेल, मॅक्सचा जावई.

नंतरची तीस वर्षं

मॅक्स डेट्रॉइटला एका औद्योगिक फिल्म कंपनीत गेला. युद्धाच्या काळात प्रशिक्षणाच्या फिल्म्स, म्हणजे फोर्ट सिलचंच काम पुन्हा. १९४८ मध्ये नाताळच्या रुडॉल्फ रेनडियरवर कार्टून काढलं, एका दुकानाच्या साखळीसाठी.

१९५० च्या दशकात पॅरामाउंटने जुनी कार्टून्स टीव्हीसाठी विकली आणि तेव्हा काही प्रतींमधून मॅक्सचं नाव काढून टाकण्यात आलं. तो कोर्टात गेला, हरला. याच काळात त्याचा मुलगा रिचर्ड नावारूपाला आलेला दिग्दर्शक होता. त्याला एक मोठा सिनेमा देऊ केला गेला, '२०,००० लीग्ज अंडर द सी', आणि देणारा होता वॉल्ट डिस्ने. रिचर्डने हो म्हणण्याआधी वडिलांना विचारलं. मॅक्सने लगेच होकार दिला, वर वॉल्टच्या निवडीचं कौतुकही केलं. पुढे मॅक्स आणि वॉल्ट भेटले तेही सलोख्याने.

११ सप्टेंबर १९७२ ला, वयाच्या ८९ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात सिनेमावाल्यांसाठी असलेल्या वृद्धाश्रमात मॅक्स गेला. पत्नी एसी शेवटपर्यंत त्याच्यासोबत होती.

मूळ सुपरमॅन मालिकेतली सगळी १७ कार्टून्स आता कॉपीराइटमुक्त आहेत, त्यातली पहिली नऊ फ्लायशर स्टुडिओची. पॉपाय-सिंदबादही नेटवर सहज सापडतं. ते बघताना पॉपायकडे न बघता त्याच्या मागच्या गुहेकडे बघा, खडक वळताना दिसतात. मित्राला मी 'मिनी द मूचर' ची लिंक पाठवली. वॉलरस त्याने तीनदा मागे घेऊन पाहिला, आणि मग पायाच्या रेषा कुठे थरथरतात, त्या फ्रेम्सचे स्क्रीनशॉट मला पाठवले.